अठ्ठेचाळीस खाचा

नौपाड्यात, जिन्याखालच्या माझ्या गाळ्यात
कोलशेतहून आल्या केतकी चौबळ.
रुमालात घड्याळ, आणि एक काचेची नळी,
उदबत्तीच्या तुकड्याएवढी.
"पप्पांचं. बंद पडलंय."

डोळ्याला भिंग लावलं.
बंद नव्हतं पडलं, थांबलं होतं.
या धंद्यात दोन्ही वेगळं.
सोमवार, नऊ सप्टेंबर, दोन हजार एकोणीस,
बाराला वीस कमी.

"पप्पा शनिवारी गेले," त्या म्हणाल्या,
"गौरी बोळवून आले आणि बसल्या जागी."
मी मनात बेचाळीस तास मोजले.
मनगट थंड झाल्यावर
शेवटच्या पिळावर एवढंच चालतं ते.

माझे भाऊ, म्हणजे वडील, याच स्टुलावर
तारीखवाली घड्याळं उघडायचे.
त्यांना प्रत्येक महिना एकतीसचा.
वर्षातून पाचदा गिऱ्हाइकानं
पहिल्या तारखेला चावी ओढून
त्यांची चूक पोटात घालायची.
"अडाणी नाहीत हो ती," भाऊ म्हणायचे,
"त्यांना मूठ नाही, एवढंच."
आणि स्वतःची मूठ पुढं करायचे:
उंचवटा जानेवारी, खळगा फेब्रुवारी,
उंचवटा मार्च.

कुणीतरी दूर, बर्फाच्या गावी,
ती मूठ पितळेत कोरली.
चार वर्षांची चकती, अठ्ठेचाळीस खाचा,
फेब्रुवारीची सगळ्यांत खोल,
चौथा फेब्रुवारी केसभर उथळ.
वर्षातून एकदाच चुकणारी घड्याळं
त्याच्याही फार मागाहून आली.
माणसाला आधी सुचलं अचूक असणं;
थोडं चुकलेलं चालतं, हे नंतर.

"आणि या नळीत काय?"
"बावीसशे सालानंतर लावायची शतकाची पट्टी."
त्या हसल्या. पहिल्यांदाच.
"आणि त्याआधी, एकवीसशेच्या एक मार्चला,
कुणीतरी हातानं एक दिवस ढकलायचा.
त्या वर्षी एकोणतीस फेब्रुवारी नाही,
हे याला ठाऊक नाही."

पंधरा दिवसांनी, धुऊन, तेल देऊन,
समोर ठेवलं. म्हणाल्या,
"दोनच दिवस मागं नेता येईल?"
"नाही. या जातीत उलट चाल नसते.
पुढं मात्र दोन हजार दोन टिचक्या.
एक टिचकी, एक दिवस."

मी सुरुवात केली.
डिसेंबरपर्यंत त्या रस्त्याकडं बघत होत्या.
वीस सालचा एकोणतीस फेब्रुवारी
न सांगता आला, न सांगता गेला.
मार्च आला तसे दोघंही गप्प.
"सत्तावीस ऑगस्ट. थांबा.
पहिलं वर्षश्राद्ध. पुढच्या वर्षी चौदा सप्टेंबर.
तिथी काही एका जागी बसत नाही."
अधिक आश्विन तर घड्याळाच्या गावीच नव्हता.
एवढ्या खाचांत त्याची एक खाच नाही.

तेविसाच्या पावसाळ्यात माझा अंगठा वळेना.
चहा मागवला. घड्याळ त्यांनी ओढून घेतलं.
चावी पकडायची रीत एकदाच दाखवली,
आणि बजावलं:
एक जरी जास्त पडली
तर बंद करून उजाडायची वाट बघायची.

त्या आता मोठ्यानं मोजत होत्या,
लहान मुलं पाढे म्हणतात तसं,
मध्येच एखादा वार चुकवत.
चंद्र आपल्या निळ्या खिडकीत
उगवत होता, बुडत होता,
उगवत होता.

रविवार, दोन मार्च, पंचवीस.
त्या थांबल्या.
"अजून एक," मी म्हणालो, "आज सोमवार."
"असू दे."
"चुकीचं दाखवेल."
"एकच दिवस ना?"

चाळीस वर्षांत एकही घड्याळ
चुकीच्या तारखेनं गाळ्याबाहेर गेलं नव्हतं.
पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही
ते त्यांच्या मनगटावर सैल झुलत होतं.

नळी टेबलावरच राहिली.
मी ती खणात ठेवली, भाऊंच्या चिमट्याशेजारी,
आणि वहीत लिहिलं:
चौबळ. साफसफाई, तेलपाणी.
टिचक्या दोन हजार एक.
बाकी एक.